हंसाची मान, पाठीवरची झालर आणि वाकलेली शेपटी

तुम्ही पाठवलेल्या कच्च्या चित्रात तीन प्राणी आहेत. चांदण्यात पाण्याबाहेर हंसासारखी मान उंच काढलेला इलास्मोसॉरस (लांब मानेचा, चार वल्ह्यांचा प्लेसिओसॉर गटातला प्राणी), खालून त्याच्यावर झेपावणारा, पाठीवर टोकदार झालर असलेला मोसासॉर (सरड्या-सापांच्या कुळातला समुद्री शिकारी), आणि मागे लांबवर उडी मारणारा इक्थिओसॉर (डॉल्फिनसारख्या आकाराचा समुद्री सरीसृप). तुम्ही विचारलंय की यातलं किती बरोबर आहे, आणि एकच प्राणी जुन्या पुस्तकात एक दिसतो, नव्या पुस्तकात दुसराच दिसतो, तर भरवसा कुणावर ठेवायचा.

गेली बावीस वर्षं मी हेच काम करतो. जीवाश्मांवरून नामशेष प्राण्यांची चित्रं आणि प्रतिकृती, त्यातही जास्त करून समुद्रातल्या सरीसृपांच्या. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, शांतपणे वाचा.

आधी तुमच्या हाताबद्दल. रेषा चांगली आहे, मोसासॉरच्या अंगात वेग आला आहे, पाण्याला वजन आहे. हे शिकवून येत नाही. अडचण वेगळीच आहे. तुमच्या तिन्ही प्राण्यांत काहीतरी असं आहे जे कुठल्याही दगडात सापडलेलं नाही, किंवा त्या काळातलं नाही. ते आधीच्या चित्रांतून तुमच्या हातात उतरलंय. माझ्या अनुभवात या कामातल्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच असतं. चित्रकार सांगाड्यापाशी जात नाही, मागच्या चित्रकारापाशी जातो. त्याने जे अंदाजाने भरलं असेल ते पुढच्यासाठी पुरावा होऊन बसतं.

मानेपासून सुरुवात करतो, कारण ती सगळ्यात चिवट आहे.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं गाव आहे. तिथल्या कड्यांमधून मेरी ॲनिंग या बाईने १८२३ च्या अखेरीस प्लेसिओसॉरचा जवळजवळ पूर्ण सांगाडा बाहेर काढला. मान इतकी लांब होती की फ्रान्सच्या क्यूव्हिएसारख्या शरीररचनेच्या जाणकाराला आधी तो बनावट वाटला. १८२४ मध्ये विल्यम कॉनिबेअर या भूवैज्ञानिकांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत त्याचं वर्णन सादर केलं. ज्या बाईने तो कड्यातून सोडवला तिला त्या सभेत जागा नव्हती, कारण सोसायटीत स्त्रियांना प्रवेशच नव्हता. कॉनिबेअर यांनी अंदाज बांधला की हा प्राणी पाण्याच्या पृष्ठभागाजवळ पोहत असावा आणि हंसासारखी मान मागे वळवून मासे टिपत असावा. त्या काळात हा अंदाज वाईट नव्हता. लांब मानेचा, पाण्यावरचा, ओळखीचा प्राणी म्हणजे हंस. पण त्या एका उपमेने पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं चित्रकारांचा हात धरून ठेवला.

इलास्मोसॉरसच्या मानेत ७२ मणके होते. साधारण दहा मीटर लांबीच्या प्राण्यात सात मीटर नुसती मान. मीही सुरुवातीच्या वर्षांत ती हंसासारखीच काढायचो. मग एका प्रतिकृतीचं काम आलं आणि मान तारेवर उभी करायची वेळ आली. मी प्रकाशित मोजमापांवरून दशांश आकारात मातीचे ७२ मणके केले, भाजले, तारेत ओवले आणि दोन मणक्यांच्या मधे कूर्चेच्या जागी रबराच्या पातळ चकत्या घातल्या. या मणक्यांची तोंडं जवळजवळ सपाट असतात. पक्ष्याच्या मानेसारखी, एकात एक फिरणारी खोबण त्यात नाही. मान वर वळवायला लागलो तशी प्रत्येक मणक्याची वरची उभी कड मागच्या मणक्याच्या कडेला टेकायला लागली. बाजूला वळवली, खाली वळवली, तर एक लांब, सावकाश कमान मिळाली, मोठ्या पुलासारखी. इंग्रजी एस अक्षर काही केल्या येईना. मणक्यांमधली कूर्चा किती जाड धरायची यावर संशोधकांचे आकडे बरेच बदलतात, एखादी मान जास्त वळते, एखादी कमी. पण हंसाचा तो अर्ध्यात मोडलेला बाक कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आणि वळण बाजूला ठेवलं तरी वजन उरतंच. पाण्यात मानेचा भार पाणी उचलतं. ती हवेत काढली की सगळा भार प्राण्यावर येतो. पायाखाली जमीन नसताना सात मीटरचा दांडा वर उचलायचा म्हणजे उरलेल्या धडाने तेवढंच खाली जायचं. श्वासासाठी डोकं पाण्याबाहेर येणार, त्याच्यामागची थोडी मान येणार, एवढंच. तुमच्या चित्रात मानेचा तीन चतुर्थांश भाग हवेत आहे.

या हंसमानेने लोकांच्या मनात किती घर केलंय ते स्कॉटलंडच्या लॉख नेस तळ्यातल्या कथित राक्षसावरून कळतं. १९३४ साली छापलेल्या त्या सुप्रसिद्ध फोटोत पाण्यातून वर आलेली बाकदार मान आहे. फोटो खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेल्या डोक्या-मानेचा होता हे नंतर उघड झालं. लोकांनी तो पटकन खरा मानला, कारण प्लेसिओसॉर असाच दिसतो हे त्यांनी शंभर वर्षं चित्रांत बघितलं होतं.

इलास्मोसॉरसबद्दल आणखी एक सांगतो. त्याचे अवशेष १८६७ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये मिळाले आणि एडवर्ड ड्रिंकर कोप या जीवाश्म-अभ्यासकांनी त्याचं वर्णन केलं. त्यांच्या आराखड्यात डोकं शेपटीच्या टोकाला होतं. इतकी लांब गोष्ट मान असेल असं त्यांना वाटलंच नाही, त्यांनी ती शेपूट मानली. १८७० मध्ये दुसरे अभ्यासक जोसेफ लायडी यांनी चूक दाखवून दिली आणि कोप यांनी छापलेल्या प्रती परत गोळा करायचा प्रयत्न केला. हा किस्सा लोक हसायला सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. समोर तुटक हाडं असतात, तोवर कुणी न बघितलेला प्राणी असतो, आणि मनात सरड्याचा साचा असतो: आखूड मान, लांब शेपूट. साचा हाडांवर मात करतो. तुमच्या-माझ्या हातूनही हेच होतं, फक्त आपला साचा दुसऱ्याने काढलेल्या चित्राचा असतो.

आता झालर. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण चूक कुठे जन्मली, कुणी सुधारली आणि तरी ती का मेली नाही, हे सगळं हिच्यात स्पष्ट दिसतं.

कॅन्ससच्या खडूच्या खडकात मोसासॉरांचे उत्तम सांगाडे मिळतात. १८९८ च्या सुमारास सॅम्युएल विलिस्टन या अभ्यासकाला प्लाटेकार्पस नावाच्या मोसासॉरच्या मानेजवळ ओळीने लागलेले कूर्चेचे तुकडे दिसले. त्यांना वाटलं, ही मानेपासून पाठीवर गेलेली झालर असणार, काही सरड्यांना असते तशी. त्याच वेळी न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी चार्ल्स नाइट टायलोसॉरस या मोठ्या मोसासॉरचं चित्र काढत होते. नाइट म्हणजे या क्षेत्रातला फार मोठा हात. १८९९ च्या त्यांच्या चित्रात टायलोसॉरस लाटा फोडत वर येतो आणि पाठीवर डोक्यापासून मागेपर्यंत उभी झालर आहे. चित्र देखणं आहे, त्यात समुद्र खरा वाटतो.

१९०२ मध्ये विलिस्टन यांनीच लिहिलं की आपली चूक झाली. ते तुकडे श्वासनलिकेची कडी होती. प्राणी मेल्यावर सांगाडा कुशीवर पडला, चपटा झाला आणि घशातली कडी मानेवर आल्यासारखी दिसली. म्हणजे चूक आणि सुधारणा यांत जेमतेम चार वर्षांचं अंतर. पण सुधारणा एका टिपणात होती, आणि झालर नाइट यांच्या चित्रात. टिपण संशोधकांनी वाचलं, चित्र सगळ्यांनी बघितलं. पुढची कित्येक दशकं मोसासॉर झालरीसकटच काढले गेले, आणि तुमच्या कागदावरची झालर तीच आहे. थोडक्यात, तुम्ही प्राण्याचा घसा त्याच्या पाठीवर काढलाय.

तिसरी गोष्ट शेपटीची, आणि इथे दगडाने फार सुंदर उत्तर दिलंय. इक्थिओसॉरच्या सांगाड्यात शेपटीचे मणके एका ठिकाणी अचानक खाली वळलेले दिसतात. सुरुवातीला ते मेल्यावर मोडलेलं समजून लोक ती शेपूट सरळ करून मांडत. १८३८ मध्ये शरीररचनेचे अभ्यासक रिचर्ड ओवेन यांनी दाखवलं की हा बाक एकाच विशिष्ट जागी, अनेक सांगाड्यांत येतो, म्हणजे तिथे मांसल पर असला पाहिजे. पुरावा आला तो जर्मनीत होल्ट्समाडेनच्या काळ्या शेल खडकातून. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्राच्या तळाशी जवळजवळ प्राणवायूच नव्हता, त्यामुळे मेलेला प्राणी कुजवणारे आणि खाणारे जीव तिथे टिकत नसत. १८९० च्या दशकात तिथून असे इक्थिओसॉर आले की हाडांभोवती शरीराची काळी बाह्यरेषा शिल्लक होती. पाठीवर त्रिकोणी पर, शेपटीला चंद्रकोरीसारखा उभा पर. हाडं खालच्या पाकळीत उतरतात, वरच्या पाकळीत एकही हाड नाही. शार्कमध्ये नेमकं उलट असतं, तिथे कणा वरच्या पाकळीत चढतो. नुसत्या सांगाड्यावरून पाठीचा पर कुणी काढूच शकला नसता.

अशी लादी, म्हणजे जीवाश्म असलेला सपाट दगड, तुम्हाला जवळून बघायला मिळाली तर तिरप्या उजेडात बघा. समोरून काळं कातडं एकसंध वाटतं. उजेड बाजूने टाकला की कुठे खरोखर पातळ काळा थर आहे आणि कुठे हत्याराने कड नीट करून ठळक केली आहे, ते खरखरीतपणावरून कळतं. जुन्या काळी काही लाद्यांवर ही रेषा साफ करणाऱ्याने मदत करून 'पूर्ण' केलेली आहे. म्हणून लादीवरूनही आंधळेपणाने नक्कल करू नका. एकाच जातीच्या चार-पाच लाद्यांमध्ये जे समान दिसेल ते घ्या.

मोसासॉरच्या शेपटीला हा न्याय मिळायला आणखी शतकभर लागलं. ती मगरीसारखी लांब, चपटी पट्टी काढायची पद्धत होती, आणि पोहताना अख्खं अंग सापासारखं वळवायची. २०१० मध्ये प्लाटेकार्पसच्या एका उत्तम सांगाड्याचा नव्याने अभ्यास झाला, तेव्हा त्यातही शेपटीचा बाक दिसला, आणि २०१३ मध्ये जॉर्डनमधल्या प्रोग्नाथोडॉन या मोसासॉरच्या शेपटीला परच्या मऊ भागाची बाह्यरेषाच सापडली. खालची पाकळी मोठी, वरची लहान, हाडं खालच्या पाकळीत. तुमच्या मोसासॉरला हा पर द्या आणि वळण शेपटीच्या मागच्या अर्ध्यात आणा, पुढचं धड बरंचसं ताठ राहू द्या. मग बघा तो पाण्यात कसा सुटतो. आत्ता तो सुसरीसारखा वळवळतो आहे.

जुनी चित्रं फेकून द्या असं माझं म्हणणं नाही. उलट ती मी पुन्हा पुन्हा बघतो. हेन्री डी ला बीच या भूवैज्ञानिकांनी १८३० मध्ये काढलेलं 'ड्यूरिया अँटिक्विऑर' हे जलरंगातलं चित्र तर या सगळ्या कलेचं उगमस्थान आहे. जीवाश्मांच्या आधाराने एका हरवलेल्या काळाचं अख्खं दृश्य उभं करायचा तो पहिला मोठा प्रयत्न. त्याच्या छापील प्रती विकून आलेले पैसे मेरी ॲनिंगला दिले गेले, कारण तिच्याच शोधांवर ते उभं होतं आणि ती तेव्हा हलाखीत होती. मधोमध इक्थिओसॉरने प्लेसिओसॉरची मान जबड्यात धरली आहे. आणि नीट बघा, घाबरलेल्या प्राण्यांची विष्ठा पाण्यात पडताना दिसते. ते वात्रटपणाने काढलेलं नाही. त्याच सुमारास विल्यम बकलंड यांनी ॲनिंगच्या निरीक्षणांचा आधार घेऊन दाखवलं होतं की कड्यांत सापडणारे विचित्र आकाराचे खडे म्हणजे दगड झालेली विष्ठा आहे. म्हणजे ताज्या शोधाची बातमी चित्रात आली होती. दोनशे वर्षांनी त्यात चुका दिसतात, पण त्या माणसाने आपल्या काळाला जे माहीत होतं ते काढलं. आपण मात्र अनेकदा आपल्या काळाला माहीत असलेलं सोडून त्याच्या काळाला माहीत असलेलं काढतो.

लंडनच्या क्रिस्टल पॅलेस बागेत बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स यांनी १८५४ मध्ये उभ्या केलेल्या प्रतिकृतींचंही तसंच. तिथले इक्थिओसॉर काठावर सीलसारखे पहुडले आहेत आणि त्यांच्या डोळ्यांवर हाडाच्या पाकळ्यांचं कडं बाहेरून दिसतं. ते कडं खरं तर बुबुळाभोवती डोळ्याच्या आत असतं, खोल पाण्यात आणि वेगात डोळ्याचा आकार टिकवायला. कवटीत ते ठसठशीत दिसतं म्हणून बाहेर आलं. पण तिथल्याच मोसासॉरमध्ये एक शहाणपण आहे. डोकं आणि पुढचं धड एवढंच पाण्यातून वर आलेलं, मागचं अंग बनवलेलंच नाही. तेव्हा नीट माहीत होती ती कवटीच, नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या खाणीतली. जे ठाऊक नाही ते पाण्याखाली ठेवायची ही युक्ती मी आजही वापरतो.

इक्थिओसॉर काठावर कधीच येत नसत. त्यांना जमिनीवर अंडी घालायची गरज नव्हती. पोटात पिल्लं असलेले, काही तर पिल्लू बाहेर येत असतानाच मेलेले, सांगाडे होल्ट्समाडेनमधून मिळाले आहेत. प्लेसिओसॉरबद्दल बराच काळ वाद होता, ते कासवासारखे किनाऱ्यावर चढत असतील असं धरून कितीतरी चित्रं निघाली. २०११ मध्ये कॅन्ससच्या पॉलिकॉटिलस या प्लेसिओसॉरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, पावणेपाच मीटरच्या आईच्या पोटात सुमारे दीड मीटरचं एकच पिल्लू. एकच आणि एवढं मोठं. असं पिल्लू ज्याला होतं तो प्राणी त्याची काळजीही घेत असावा असा अंदाज संशोधकांनी केलाय. आई आणि पिल्लू असं प्लेसिओसॉरचं चित्र कुणी मनापासून काढलं तर मला फार आनंद होईल. सगळे लढायाच काढतात.

मांसाबद्दल दोन शब्द, कारण तुमच्या इलास्मोसॉरसच्या बरगड्या मोजता येतात. कातडं हाडांवर ताणून बसवायची ही सवय फार पसरली आहे. जिवंत प्राण्यात स्नायू असतात, चरबी असते, आणि समुद्रात पोहणाऱ्या प्राण्यात ती बाहेरचा आकार घडवते. मेक्सिकोतून २०१७ मध्ये वर्णन झालेल्या मॉरिसिओसॉरस या प्लेसिओसॉरभोवती मऊ भागांचा ठसा शिल्लक आहे. त्यात अंग भरलेलं, शेपटीपर्यंत निमुळतं होत गेलेलं, कुठेही खाच नाही असं आहे. होल्ट्समाडेनच्या एका इक्थिओसॉरमध्ये २०१८ साली कातड्याखालचा चरबीचा थरच ओळखता आला, व्हेल-डॉल्फिनसारखा. तेव्हा मानेच्या मुळाशी भरपूर भर घाला. मान धडातून फुटल्यासारखी दिसू नये, धडच हळूहळू बारीक होत मान व्हावं.

कातडं एकसारखं नको. मोसासॉर सरड्यांच्या आणि सापांच्या कुळातले, त्यांना काही मिलिमीटरचे, बारीक चौकटचे खवले होते. मोठ्या प्राण्याच्या चित्रात ते वेगळे दिसणारच नाहीत, नुसती मंद चमक दिसेल. इक्थिओसॉर गुळगुळीत. आणि प्लेसिओसॉरने २०२५ मध्ये सगळ्यांना चकित केलं. होल्ट्समाडेनच्या परिसरातल्या एका नमुन्यात शेपटीकडचं कातडं गुळगुळीत, पण वल्ह्यावर, म्हणजे वल्ह्यासारख्या पायावर, लहान लहान खवले होते. एकाच अंगावर दोन तऱ्हा. त्याच वर्षी टेम्नोडोन्टोसॉरस या मोठ्या इक्थिओसॉरच्या पुढच्या वल्ह्याचं वर्णन आलं, त्याची मागची कड करवतीसारखी दातेरी निघाली. पाण्याचा आवाज कमी करून सावजाजवळ जायला ती उपयोगी पडत असावी. हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत घडतंय. माझी २०२४ पर्यंतची वल्ही आता जुनी झाली आहेत आणि मी ती पुन्हा काढतो आहे.

वल्ह्यांचंच निघालं म्हणून सांगतो, प्लेसिओसॉरची चारही वल्ही होडी वल्हवल्यासारखी मागे-पुढे काढू नका. ती पंखांसारखी वर-खाली चालत. २०१७ मध्ये यांत्रिक वल्ह्यांवर केलेल्या प्रयोगात दिसलं की पुढच्या वल्ह्यांनी पाण्यात सोडलेले भोवरे योग्य वेळी पकडले तर मागच्या वल्ह्यांचा जोर ६० टक्क्यांपर्यंत वाढतो. म्हणून पुढची जोडी वर असताना मागची नेमकी तिथेच नको, थोडी मागे-पुढे ठेवा. चित्र लगेच पोहायला लागतं.

आकाराचा मोह टाळा. १९९९ च्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेत लायोप्ल्युरोडॉन हा आखूड मानेचा प्लेसिओसॉर २५ मीटरचा दाखवला गेला. मिळालेल्या हाडांवरून तो सहा-सात मीटरचा, फार तर थोडा मोठा. तो २५ मीटरचा आकडा आजही शाळकरी मुलं मला ठामपणे सांगतात. सात मीटरचा, मोठ्या सुळ्यांचा, चार वल्ह्यांनी झेपावणारा शिकारी पुरेसा भयंकर आहे.

रंगात तुम्हाला बरीच मोकळीक आहे, पण अगदी मोकळं रान नाही. त्याच २०१८ च्या इक्थिओसॉरमध्ये पाठ गडद आणि पोट फिकं असल्याच्या खुणा मिळाल्या, आजच्या अनेक माशांसारख्या. त्याआधी, २०१४ मध्ये, एका मोसासॉरच्या आणि एका इक्थिओसॉरच्या कातड्यात गडद रंगद्रव्य ओळखलं गेलं होतं. मोरपिशी पट्टे काढायला बंदी नाही, पण उघड्या समुद्रातल्या मोठ्या शिकाऱ्याला ते का हवेत याचं उत्तर तुमच्याकडे हवं. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो हेही विसरू नका. दहा-पंधरा मीटर खाली जखमेतलं रक्त हिरवट काळं दिसतं.

आता तुमच्या चित्राकडे परत. सगळ्यात मोठी अडचण मी शेवटी ठेवली आहे, मागे उडी मारणारा इक्थिओसॉर. इलास्मोसॉरस सुमारे ८ कोटी वर्षांपूर्वीचा. इक्थिओसॉर त्याच्या एक कोटीहून जास्त वर्षं आधीच संपले होते. हे दोघं एकमेकांना कधी भेटलेच नाहीत. त्याला काढून टाकावं लागेल, तुम्हाला वाईट वाटेल हे मला कळतं, ती उडी छान जमली आहे. तिचा वेगळा कागद करा, होल्ट्समाडेनचा समुद्र घेऊन.

मोसासॉर मात्र राहू शकतो, तुमची कल्पना पुराव्याला धरून आहे. टायलोसॉरसच्या एका सांगाड्यात पोटाच्या जागी लहान प्लेसिओसॉरची हाडं मिळाली आहेत, १९१८ पासून हे माहीत आहे. फक्त तुमचा इलास्मोसॉरस पूर्ण वाढलेला आहे. त्याऐवजी अडीच-तीन मीटरचं पोर काढा, झडप जास्त खरी होईल. मान पाण्याखाली, पुढे ताणलेली आणि थोडी खाली झुकलेली. चंद्र हवाच असेल तर वरून पाण्यात येऊ द्या. टायलोसॉरसचं तोंड उघडं आहे म्हणून हेही लक्षात घ्या की त्याच्या टाळूवर आत दातांची दुसरी ओळ असते, सावज आत ओढायला. ती दाखवायची संधी सोडू नका.

रिकाम्या झालेल्या मागच्या जागेसाठी हेस्पेरॉर्निस सुचवतो, न उडणारा, पाण्यात बुडी मारणारा, दात असलेला पक्षी, माणसाएवढा लांब. तो त्याच समुद्रातला. दुसऱ्या एका टायलोसॉरसच्या पोटात मासा, शार्क, लहान मोसासॉर आणि हेस्पेरॉर्निस असं सगळं एकत्र मिळालंय, म्हणजे त्याने घाबरून दूर पळणंही साहजिक आहे.

नवा आराखडा पाठवाल तेव्हा रंग नको. आधी एका पातळ कागदावर तिन्ही प्राण्यांची नुसती कण्याची रेषा काढा. मोसासॉरच्या शेपटीतला बाक कुठे सुरू होतो तिथे खूण करा आणि इलास्मोसॉरसची मान दहा-दहा मणक्यांवर आडव्या रेघा मारून वाटून घ्या. तो कागद चित्रावर ठेवून दोन्हींचे फोटो पाठवा, म्हणजे मला मान कुठे जास्त वळते आहे ते सांगता येईल.